पहारेकऱ्याचा हिरवा त्रिकोण

चाळीच्या पटांगणात डबा ऐसपैस खेळताना एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. ज्याच्यावर राज्य असते तो डब्याजवळ उभा असतो आणि तुम्ही जिन्याखाली किंवा पाण्याच्या टाकीआड लपलेले असता. तो कोणत्या बाजूला पाहतो आहे हे कळल्याशिवाय डब्याकडे धाव घेता येत नाही. ते पाहण्यासाठी जरा डोके बाहेर काढावे, तर नेमके त्याच क्षणी तो तुमचे नाव घेऊन ओरडतो. असे का बरे व्हावे?

यात नशिबाचा काही संबंध नाही. प्रकाश ज्या मार्गाने एका बिंदूकडून दुसऱ्या बिंदूकडे जातो, त्याच मार्गाने तो उलटही येऊ शकतो. म्हणून दोघांवरही पुरेसा उजेड असेल आणि तुम्हाला त्याचे डोळे दिसत असतील, तर तुमचे डोळेही त्याला दिसू शकतात. पाहणे आणि दिसणे ही एकाच रेषेची दोन टोके आहेत. लपण्याच्या प्रत्येक खेळातली खरी अडचण हीच.

या अडचणीतून खेळणाऱ्याची सुटका करणारा एक संगणकीय खेळ १९९८ साली निघाला. त्याचे नाव 'कमांडोज : बिहाइंड एनिमी लाइन्स'. आज चाळिशीत असलेले तुमचे काका, मामा किंवा शिक्षक यांच्यापुढे हे नाव काढून पाहा. त्यांचा चेहरा खुलण्याचा बराच संभव आहे. हा खेळ इतकी वर्षे लोकांच्या मनात का राहिला, याचे उत्तर शोधताना आपल्याला भूमितीतून, त्रिकोणमितीतून आणि लघुतम साधारण विभाज्यातून जावे लागेल.

खेळाची ओळख

हा खेळ स्पेनमधील माद्रिद येथील पायरो स्टुडिओज या संस्थेने तयार केला. त्याच्या रचनेचे प्रमुख होते गोन्झो सुआरेस. दुसऱ्या महायुद्धाची पार्श्वभूमी, २० मोहिमा आणि मूठभर सैनिक असे त्याचे स्वरूप होते. एक सैनिक भिंती चढणारा, एक पाण्याखालून पोहणारा, एक सुरुंग लावणारा, एक वाहन चालवणारा, एक दुरून नेम धरणारा आणि एक शत्रूचा गणवेश घालून वावरणारा गुप्तहेर. डबा ऐसपैसमध्ये एकमेकांचे शर्ट बदलून राज्य असलेल्या गड्याला फसवणारी मुले या गुप्तहेराचीच भावंडे म्हणायची!

शत्रूचे सैनिक मोठ्या संख्येने पहारा देत असत. आपला एक जरी गडी मेला, तरी मोहीम तेथेच संपे. त्यामुळे समोरासमोर लढून जिंकणे जवळजवळ अशक्य. लपत, थांबत, नजर चुकवत पुढे सरकणे हाच मार्ग. असे खेळ पूर्वीही होते. १९८१ साली सायलस वॉर्नर यांनी तयार केलेल्या 'कॅसल वुल्फेन्स्टाइन'मध्ये एक कैदी किल्ल्यातून पहारा चुकवून निसटत असे. १९८७ साली जपानमध्ये 'मेटल गिअर' आला. पण त्या खेळांत पहारेकऱ्याला नेमके कोठवर दिसते, ते पडद्यावर रेखलेले नसे; खेळणाऱ्याला अंदाजच बांधावा लागे.

'कमांडोज'मध्ये खेळणारा सारा देखावा वरून, तिरकस बाजूने पाहतो. डोळ्याचे चिन्ह निवडून एखाद्या पहारेकऱ्यावर टिचकी मारली, की त्याच्या पायाशी जमिनीवर एक हिरवा त्रिकोण पसरे आणि तो त्याच्या मानेबरोबर डावीउजवीकडे फिरू लागे. जेवढा भाग हिरवा तेवढेच त्याला दिसते. जवळचा भाग फिकट हिरवा: तेथे काहीही दिसते. लांबचा भाग गडद हिरवा: तेथे उभा माणूस दिसतो, पण सरपटणारा दिसत नाही. त्याच १९९८ साली आलेल्या 'मेटल गिअर सॉलिड'मध्येही कोपऱ्यातल्या लहान नकाशावर पहारेकऱ्यांची नजर अशीच दाखवलेली असे. पण 'कमांडोज'ने ती थेट जमिनीवर अंथरली. पाहणारा आणि दिसणारा यांच्या रेषेबाहेर, वर, एक तिसरा डोळा खेळणाऱ्याला मिळाला.

मुंबईत १९९९-२००० च्या सुमारास काळाचौकी, अभ्युदयनगर, लालबाग या भागांत सायबर कॅफे निघाले होते. घरी संगणक असलेला मुलगा चाळीत एखादाच. त्यामुळे एका संगणकापुढे चौघे दाटीने बसत: माउस एकाच्या हातात आणि पडद्यावर डोळे आठ. आमच्यातल्या एकाकडे मनगटी घड्याळ होते. पहारेकरी वळला की तो सेकंद मोजू लागे आणि वहीच्या मागच्या पानावर आकडे लिहून ठेवी. तासाचे पैसे मोजलेले असताना पाच-पाच मिनिटे काहीच न करता नुसते पाहत बसणे हा आमच्या गटाचा नेम होता. शेजारच्या गाडीच्या शर्यतीवाल्यांना त्याचे फार हसू येई.

त्या मुलांना एक सोय आयती होती. कॉटन ग्रीन स्टेशनाच्या परिसरात बंदराच्या गोदामांच्या लांबच लांब रांगा आहेत. कॉटन ग्रीन हे नाव मुळात फोर्टातल्या एका मोकळ्या हिरवळीचे. तेथे कापसाच्या गासड्या येऊन पडत. पुढे कापसाचा बाजार कुलाब्याला आणि नंतर भराव घालून तयार केलेल्या शिवडीकडच्या जमिनीवर आला, आणि नावही त्याच्याबरोबर आले. स्टेशनाजवळची कापूस बाजाराची हिरवट रंगाची इमारत त्याची आठवण देते. सरळ भिंती, काटकोनातल्या गल्ल्या, मधली मोकळी आवारे आणि बॅटरी घेऊन फेऱ्या घालणारा वॉचमन. खेळातला देखावा असा खिडकीबाहेरच उभा होता. आपणही आपले गणित अशाच एका काल्पनिक आवारात मांडू. (खऱ्या गोदामात शिरून प्रयोग करू नका. शाळेचे मैदान पुरेसे आहे.)

त्रिकोण की वर्तुळपाकळी?

सगळे त्याला हिरवा त्रिकोण म्हणत. पण समजा, पहारेकऱ्याला सर्व दिशांना १० मीटरपर्यंतच दिसते, तर त्याच्या नजरेची कड सरळ नसून कंसाकार असायला हवी. म्हणजे ही आकृती दहावीच्या भूमितीत तुम्हाला भेटणारी वर्तुळपाकळी होय. तिचा कोन ६० अंश धरला, तर

क्षेत्रफळ = (६० ÷ ३६०) × ३.१४ × १० × १० = सुमारे ५२ चौरस मीटर.

आता आवार ४० मीटर लांब व ३० मीटर रुंद असेल, तर त्याचे क्षेत्रफळ १२०० चौरस मीटर. म्हणजे एका क्षणी हा पहारेकरी आवाराच्या दर १०० भागांपैकी चार-साडेचार भागच पाहत असतो! उरलेले साडेपंचाण्णव भाग त्या क्षणी मोकळे असतात. तरीही आवार 'पहाऱ्याखाली' आहे असे आपल्याला वाटते, कारण नजर फिरती असते आणि ती पुढच्या क्षणी कोठे असेल हे आपल्याला ठाऊक नसते. भीती असते ती या न ठाऊक असण्याची. मोजमाप केले की ती बरीच कमी होते.

संगणकाचे तीन प्रश्न

पडद्यावरच्या पहारेकऱ्याला डोळे नसतात. मग आपला गडी त्याला 'दिसला' हे संगणक कसे ठरवतो? त्यासाठी तीन प्रश्न पुरतात.

वहीत आलेखाचे अक्ष काढा. पहारेकरी (०, ०) या बिंदूवर उभा असून क्ष अक्षाच्या धन दिशेला पाहतो आहे. त्याची नजर १० मीटर पोचते आणि समोरच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ३०-३० अंश पसरते. आपला गडी आहे (८, ३) या बिंदूवर.

पहिला प्रश्न: गडी पुरेसा जवळ आहे का? पायथागोरसच्या प्रमेयाने अंतराचा वर्ग = ८ × ८ + ३ × ३ = ७३. नजरेच्या पल्ल्याचा वर्ग १००. ७३ हे १०० पेक्षा कमी, म्हणजे गडी पल्ल्यात आहे. येथे वर्गमूळ काढण्याची गरजच पडली नाही, हे ध्यानात घ्या. दोन धन संख्यांपैकी मोठी कोणती हे त्यांच्या वर्गांवरूनही कळते.

दुसरा प्रश्न: गडी नजरेच्या कोनात आहे का? तो पाठीमागे नाही ना, हे आधी पाहू. क्ष धन आहे, म्हणजे गडी पुढच्या बाजूला आहे. आता य ÷ क्ष = ३ ÷ ८ = ०.३७५. ३० अंशांचे टॅन ०.५७७. गुणोत्तर त्याहून लहान, म्हणजे गडी कोनाच्या आत आहे. तोच (६, ५) या बिंदूवर असता, तर गुणोत्तर ०.८३ आले असते आणि पहारेकऱ्याच्या अधिक जवळ असूनही तो सुटला असता!

तिसरा प्रश्न: मध्ये आडोसा आहे का? समजा, क्ष ३.५ ते ४.५ आणि य १ ते २ या चौकोनात कापसाची एक उंच गासडी ठेवली आहे. पहारेकऱ्यापासून गड्यापर्यंतच्या रेषेवर संगणक एकेक बिंदू तपासत जातो: (१, ०.३७५), (२, ०.७५), (३, १.१२५), (४, १.५). शेवटचा बिंदू गासडीच्या आत पडला. रेषा अडली. गडी वाचला.

तिन्ही उत्तरे पहारेकऱ्याच्या बाजूची आली, तरच गडी दिसला. एकही उत्तर उलटे पडले, तर पुढचे विचारायचे कारणच नाही. म्हणून सोपा प्रश्न आधी आणि सर्वांत कष्टाचा, म्हणजे आडोशाचा, शेवटी ठेवण्याची पद्धत आहे. त्या काळी घरगुती संगणकाचे घड्याळ सेकंदाला वीसएक कोटी ठोके देई. आकडा मोठा वाटतो, पण अनेक पहारेकरी आणि आपले गडी यांच्या प्रत्येक जोडीसाठी हे प्रश्न सेकंदाला कितीतरी वेळा विचारायचे असत. तेथे वाचवलेले प्रत्येक वर्गमूळ उपयोगी पडे.

वेळेचे गणित

जागेचा प्रश्न सुटला, आता वेळेचा. आवारात दोन पहारेकरी फेऱ्या घालतात. पहिल्याची फेरी ४० सेकंदांची. प्रत्येक फेरीत पहिले १५ सेकंद त्याची पाठ आपल्याकडे असते. दुसऱ्याची फेरी ६० सेकंदांची. त्याची पाठ फेरीच्या २० व्या सेकंदापासून ४५ व्या सेकंदापर्यंत आपल्याकडे असते. आपल्याला १८ मीटर रुंद आवार ओलांडायचे आहे. वाकून चालण्याचा वेग सेकंदाला १.५ मीटर, म्हणजे १२ सेकंद लागतील.

४० आणि ६० यांचा लघुतम साधारण विभाज्य १२०. म्हणजे दर १२० सेकंदांनी दोघांची जोडफेरी जशीच्या तशी पुन्हा सुरू होईल. तेवढाच काळ तपासला की पुरे.

पहिल्याची पाठ: ० ते १५, ४० ते ५५, ८० ते ९५.
दुसऱ्याची पाठ: २० ते ४५, ८० ते १०५.

दोघांची पाठ एकाच वेळी वळलेली असेल असा काळ फक्त दोनदा येतो: ४० ते ४५ आणि ८० ते ९५. पहिली संधी ५ सेकंदांची, दुसरी १५ सेकंदांची. घाई करणारा ४० व्या सेकंदाला निघतो आणि आवाराच्या मध्यावर पकडला जातो. दोन मिनिटे शांतपणे पाहणारा ८० व्या सेकंदाला निघतो आणि तीन सेकंद हातचे राखून पलीकडे पोचतो.

सरपटत गेलो तर? लांबच्या गडद पट्ट्यात आपण दिसणार नाही, हे खरे. पण सरपटण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला, तर १८ मीटरला ३६ सेकंद हवेत. एवढी संधी कधीच मिळत नाही. कमी दिसायचे असेल तर हळू जावे लागते, आणि हळू गेले तर जास्त वेळ उघड्यावर राहावे लागते. दोहोंतला मेळ प्रत्येक आवारात नव्याने घालावा लागतो.

खरा पहारेकरी

खऱ्या माणसाची दृष्टी मात्र अशी आखीव नसते. दोन्ही डोळे मिळून आपल्याला समोरचा सुमारे २०० अंशांचा भाग दिसतो. पण त्यातला अगदी स्पष्ट दिसणारा भाग केवळ दोनएक अंशांचा असतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढा! बाकीचे सारे अस्पष्ट असते. मात्र या अस्पष्ट कडेला हालचाल चटकन जाणवते. म्हणूनच लपाछपीत स्तब्ध उभा राहिलेला मुलगा पुष्कळदा सुटतो आणि चुळबुळ करणारा सापडतो.

कानांचेही असेच. मोकळ्या जागेत आवाजाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. पाऊल २ मीटरऐवजी ८ मीटरवर वाजले, तर अंतर चौपट झाले, म्हणून तीव्रता १६ व्या हिश्शावर येते. पण गोदामांमधल्या अरुंद गल्लीत भिंतींवरून आवाज परावर्तित होतो आणि इतक्या लवकर विरत नाही. शिवाय खऱ्या वॉचमनला शंका येते, कंटाळा येतो, चहाची तलफ येते. त्याची फेरी कधी ४० सेकंदांची तर कधी ७० सेकंदांची होते. खेळातला पहारेकरी असा नसतो. तो ठरलेल्या नियमांवर चालतो: दिसले तर ओरडा, आवाज आला तर जाऊन पाहा, काही सापडले नाही तर पुन्हा फेरी घाला. आपण त्याला चतुर समजतो, कारण त्याचे नियम अजून आपल्याला सापडलेले नसतात.

आठवण का राहिली?

'कमांडोज'चे पुढचे भाग २००१ आणि २००३ साली आले. नंतर या जातीचे खेळ बराच काळ मागे पडले. २०१६ साली म्युनिकच्या एका संस्थेने 'शॅडो टॅक्टिक्स' हा जपानी पार्श्वभूमीचा खेळ काढला, आणि त्यात पहारेकऱ्याची हिरवी नजर पुन्हा जमिनीवर पसरली. 'कमांडोज'चा दुसरा भाग २०२० साली नव्या रूपात निघाला आणि २०२५ साली 'कमांडोज : ओरिजिन्स' हा नवा खेळ आला. यांचे गिऱ्हाईक नवी मुले आहेत, तसेच एके काळी सायबर कॅफेत दाटीने बसलेली जुनी मुलेही आहेत.

या खेळात गोळीबार आहे, मरणेही आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मित्रांच्या आठवणीत राहिले आहे ते थांबणे. खेळात प्रगती साठवून ठेवण्याची सोय होती. पकडले गेलो की साठवलेल्या जागेवरून पुन्हा सुरुवात करता येई. तिचा उपयोग दोन प्रकारे करणारी मुले मी पाहिली. काही जण तीच धाव वीस वेळा घेत आणि एकविसाव्या वेळी नशिबाने पार होत. काही जण प्रत्येक पकडीनंतर विचारीत: कोणी पाहिले? कोठून? कितव्या सेकंदाला? दोघांचीही मोहीम पूर्ण होई. पण पुढच्या मोहिमेत पहिल्या गटाला पुन्हा वीस धावा लागत आणि दुसऱ्याला तीन-चार.

प्रयोगशाळेत लंबकाचा आवर्तकाल मोजताना हेच दोन प्रकार मला दरवर्षी भेटतात. २० आंदोलने मोजण्याऐवजी तीन मोजून उत्तर लिहिणारा विद्यार्थी आणि ४० व्या सेकंदाला धावणारा खेळाडू यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. आज कोणत्याही खेळातली वाट दाखवणारी चित्रफीत क्षणात मिळते, तशी प्रयोगाची उत्तरेही तयार मिळतात. चित्रफितीबरहुकूम चाललात तर आवार ओलांडाल, पण पहारेकरी मात्र तुम्हाला समजलेला नसेल. एखादी गोष्ट तिच्यातला नियम दिसेपर्यंत पाहत बसणे हे विज्ञानाचे पहिले काम आहे. ते शिकवायला पेंड्युलम चालतो, मुंग्यांची रांग चालते आणि हिरवा त्रिकोणही चालतो.

करून पाहा

(१) अंधाऱ्या खोलीत टेबलावर मोठा कागद पसरा. मोबाइलची लहान बॅटरी कडेवर उभी धरून प्रकाश कागदालगत पडेल असे करा. हा तुमचा पहारेकरी. त्याच्यापुढे २० सेंटिमीटरवर ५ सेंटिमीटर लांबीची काड्यापेटी आडवी ठेवा. ६० सेंटिमीटरवर सावली किती रुंद पडते ते मोजा. समरूप त्रिकोणांवरून ती १५ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी. आता बॅटरी काड्यापेटीच्या जवळ आणा. सावली रुंदावेल. म्हणजे पहारेकरी आडोशाच्या जितका जवळ, तितकी आडोशामागे लपायला जागा जास्त!

(२) पहारेकरी (०, ०) वर असून क्ष अक्षाच्या धन दिशेला पाहतो. पल्ला १२ मीटर, दोन्ही बाजूंना ४५-४५ अंश. (९, ७), (१०, ८) आणि (५, –६) यांपैकी कोणता गडी दिसेल?

(३) दोन पहारेकऱ्यांच्या फेऱ्या ४५ व ६० सेकंदांच्या आहेत. पहिल्याची पाठ फेरीच्या पहिल्या २० सेकंदांत आणि दुसऱ्याची ३० व्या ते ५० व्या सेकंदापर्यंत आपल्याकडे असते. सर्वांत मोठी संधी केव्हा आणि किती सेकंदांची?

शिक्षकांनी तिसरे उदाहरण मैदानावर घ्यावे. दोन विद्यार्थ्यांना घड्याळे देऊन पहारेकरी करावे, बाकीच्यांना पाच मिनिटे नुसते पाहू द्यावे आणि मगच धावण्याची परवानगी द्यावी.

उत्तरे: (२) फक्त (९, ७). (३) ९० व्या ते ११० व्या सेकंदापर्यंत, २० सेकंद.